पोटाची प्लेट

हरणी, बडोदे
६ नोव्हेंबर २०२३

छातीची एक्स-रे प्लेट आता वाचता येते, पोटाची अजून डोळ्यांत बसत नाही. सगळं करड्यावर करडं. शिकवणाऱ्या मॅडम म्हणाल्या, आधी हवा शोध. काळं दिसतं ते कुठल्या आतड्यात आहे ते ठरव. लहान आतड्याच्या घड्या या काठापासून त्या काठापर्यंत जातात, मोठ्याच्या बहुधा मध्येच थांबतात. लहान आतडं ३ सेंटिमीटर, मोठं ६, सीकम म्हणजे मोठ्या आतड्याची सुरुवात ९. याहून फुगलेलं दिसलं की सर्जनला फोन.

८ नोव्हेंबर

१८९५ साली याच तारखेला राँटगेनना क्ष-किरण सापडले. आज दिवसभर मुतखडे. ते बहुतेक प्लेटवर उमटतात, पित्ताचे खडे क्वचितच. त्यांना सोनोग्राफीच हवी.

११ नोव्हेंबर

काळीचौदस, त्यात शनिवार. भीडभंजन मारुतीच्या गर्दीतून वाट काढत रात्रपाळीला पोचले. मध्यरात्री एक काका आले. गुडघ्यांसाठी कित्येक महिने दुकानातून आणलेल्या वेदनाशामक गोळ्या खात होते. संध्याकाळी पोटात एकाएकी कळ आली, आता पोट फळीसारखं कडक. "काका, दस मिनिट बेसो," म्हणून त्यांना टेकवून बसवलं. फुटलेल्या आतड्यातून हवा निसटली असेल, तर ती वर चढायला तेवढा वेळ द्यावाच लागतो. मग छातीची प्लेट काढली. यकृत आणि श्वासपटल यांच्यामध्ये बारीक काळी कोर! डावीकडे जठराची स्वतःची हवा असते, म्हणून उजवी बाजू जास्त भरवशाची. तिथेही कधी मोठं आतडंच यकृतावर चढून बसतं. व्हिएन्नात किलाइडिटीने १९१० साली ते वर्णिलं. पण इथे आतड्याची एकही घडी नव्हती. त्या गोळ्यांनी झालेला अल्सर फुटला होता. पहाटेआधी शस्त्रक्रिया झाली.

१३ नोव्हेंबर

काका आज बोलले. माझ्या मनात मात्र वेगळीच गोष्ट घोळतेय. आतडं फुटूनही कोर न दिसणारे रुग्ण पुष्कळ असतात. प्लेट स्वच्छ आहे म्हणून कडक पोटाचा माणूस घरी पाठवणं मला कधीच मान्य होणार नाही. त्याचं सीटी स्कॅन व्हायलाच हवं. आणि साध्या पोटदुखीला उगाच प्लेट सांगणंही पटत नाही. पोटाच्या एका प्लेटचे किरण छातीच्या तीसेक प्लेटांइतके भरतात.

घरात कुणी गुडघ्यांसाठी रोज वेदनाशामक गोळ्या घेत असेल तर डॉक्टरांना एकदा नक्की विचारा. आणि पोट अचानक दुखून कडक झालं, तर सकाळची वाट पाहू नका.