शुश्रूषा : एका शब्दाच्या निमित्ताने

अर्थविकास शिकवताना आम्ही ‘शुश्रूषा’ हा शब्द आवर्जून घेतो. ‘श्रु’ म्हणजे ऐकणे. या धातूच्या इच्छार्थक रूपापासून तो सिद्ध झाला आहे. म्हणजे शुश्रूषेचा मूळ अर्थ ऐकण्याची इच्छा. पुढे त्यातून आज्ञापालन, मग सेवा आणि अखेर आजाऱ्याची काळजी, असा अर्थ सरकत गेला. या प्रवासात ऐकणे कुठे सांडले, हा प्रश्न अलीकडे आम्हांला वर्गापेक्षा वृद्धाश्रमात अधिक पडतो.

आम्ही नाशिकची माणसे. वार्धक्याचा विषय निघाला की ‘नटसम्राट’ आठवणारच. १९७० साली रंगभूमीवर आलेल्या शिरवाडकरांच्या या नाटकाकडे बहुधा बेघर झालेल्या बापाची शोकांतिका म्हणून पाहिले जाते. पण आमच्या वाचनात अप्पासाहेब बेलवलकरांचे दुःख छप्पर जाण्याच्या आधीच सुरू होते. ज्या आवाजाने नाट्यगृहे भरली, तो आवाज मुलांच्या घरात अडचणीचा होतो. छपराची तजवीज कायद्याला करता येते. २००७ च्या ज्येष्ठ नागरिकांच्या कायद्यात प्रत्येक जिल्ह्यात किमान १५० निराधार वृद्धांसाठी एक तरी वृद्धाश्रम असावा, अशी तरतूद आहे. ऐकण्याची तजवीज कोणत्या कलमात बसवणार?

शहरातल्या एका वृद्धाश्रमात आम्ही काही सहकारी विद्यार्थ्यांना घेऊन वाचनासाठी जातो. गेल्या काही वर्षांत तिथे यंत्रे आली : उशाशी बेल, बोटाला लावायचे ऑक्सिमीटर, व्हरांड्यात कॅमेरे, पडद्यावरून डॉक्टरांचा सल्ला. निवृत्तिवेतनासाठी लागणारा हयातीचा दाखलाही २०१४ पासून ‘जीवन प्रमाण’मुळे बसल्या जागी काढता येतो. उतारवयात बोटांवरच्या रेषा झिजतात, ठसा जुळत नाही. म्हणून २०२१ मध्ये चेहऱ्यावरून ओळख पटवण्याची सोय झाली. मोबाइलसमोर डोळ्यांची उघडझाप करायची. हे सारे पाहून एक आजोबा म्हणाले, “अहो, मी आहे, हे मी तोंडाने सांगतोय ना! ते नाही का चालत?” सगळेच हसले.

अशा वेळी यंत्राविरुद्ध गळा काढण्याची साहित्याच्या माणसांना सवय असते. आम्हांला तसे करवत नाही. पूर्वी याच दाखल्यासाठी सेविका एकेका वृद्धाला रिक्षात घालून बँकेत नेई आणि तिचा अर्धा दिवस रांगेत जाई. तो वेळ आता वाचतो. वाचलेल्या वेळाचे पुढे काय होते, हे मात्र पाहायला हवे. तो तिला कुणाच्या खाटेशेजारी बसायला मिळाला, तर यंत्राचे उपकारच. त्याच्या भरवशावर तिच्याकडे आणखी चार खाटा सोपवल्या, तर सुधारला तो फक्त जमाखर्च. कॅमेऱ्याचेही तसेच. रात्री दोन वाजता एक आजी व्हरांड्यात येऊन बसल्या आहेत, एवढे पडद्यावर दिसते. का बसल्या आहेत, हे उठून जाऊन विचारावे लागते.

जपानात ‘पारो’ नावाचा, सीलच्या पिल्लासारखा दिसणारा यंत्रमानव घडवला गेला. कुरवाळले की तो अंग हलवतो, आवाज काढतो. स्मृतिभ्रंश झालेल्यांच्या सोबतीसाठी अनेक देशांत तो वापरतात. त्याने एखाद्या अस्वस्थ जिवाला दिलासा मिळत असेल, तर आम्ही त्याला हसणार नाही. प्रतिसाद त्याच्यापाशी आहे. ‘शुश्रूषा’ या रूपातली इच्छा मात्र त्याला कुठून येणार?

आमच्या शब्दाच्या सर्वांत जवळचे यंत्र खरे तर साधे श्रवणयंत्र. २०१७ पासून केंद्र शासनाच्या ‘राष्ट्रीय वयोश्री योजने’तून गरजू ज्येष्ठांना तेही दिले जाते. पण आम्ही जातो तिथे मुलांनी हौसेने आणून दिलेली महागडी श्रवणयंत्रे खणात पडून असलेली दिसतात. कुणाच्या यंत्राचा सेल संपलेला असतो, तर कुणी कानात शिट्टी वाजते म्हणून ते काढून ठेवलेले असते. ऐकू न येणाऱ्याशी हळूहळू कुणी बोलेनासे होते आणि मग त्याला काही कळत नाही, असे ठरून जाते. नव्या यंत्रासोबत देणगीदाराचे नाव भिंतीवर लागते. सेल बदलण्याचे काम मात्र कुणाच्याच नावावर नसते. एखाद्या वृद्धाश्रमाला काही द्यावे असे वाचकांच्या मनात आले, तर त्यांनी आधी तेवढी चौकशी जरूर करावी.