‘ण’ न येणारा सॅम



सूर्यास्ताआधी जेवणं उरकली की आपल्याकडे संध्याकाळ केवढी लांब होते, ते तुम्हाला वेगळं सांगायला नको. गेल्या चातुर्मासात त्या वेळात मी लॅपटॉपवर जुने बोलके प्रोग्रॅम चालवून बघत होते. कारण आक्का. काचबिंदूने माझ्या थोरल्या बहिणीची नजर गेली. स्वाध्यायासाठी रोज सुनेला “दोन पानं वाच गं” म्हणणं तिच्या जिवावर यायचं.

नातवाने आधी ‘सॅम’ दाखवला. १९८२ सालचा, कमोडोर, ॲपल अशा तेव्हाच्या घरगुती कॉम्प्युटरांसाठी केलेला. (बी.कॉम.च्या त्या दिवसांत आमच्या हाती खतावणी आणि पेन्सिल!) आता तो ब्राउझरमध्येच चालतो. यात कुणाचा आवाज भरून ठेवलेला नाही. तोंडात आवाज कसा घुमतो त्याचं गणित मांडून तो बोलतो, म्हणून प्रोग्रॅम एवढासा. त्याला उच्चारांचे तुकडे इंग्रजी अक्षरांत लिहून द्यायचे आणि कुठे किती जोर, त्याचा १ ते ८ मधला आकडा. ‘दही’ला डीएच लिहावं लागतं, नुसत्या डीने ‘डही’ होतं. हिशेबाची सवय असल्याने मला हे फार आवडलं. पण ‘पाणी’चं तो ‘पानी’च करतो. त्याच्याकडे ‘ण’ नाही. आणि आपल्या मंत्राचं पहिलंच अक्षर ते!

मग ‘डेकटॉक’बद्दल वाचलं, १९८४ चं. एमआयटीचे डेनिस क्लॅट यांनी त्यातला ‘पॉल’ स्वतःच्या आवाजावर बेतला होता. पुढे थायरॉइडच्या कॅन्सरने त्यांचाच आवाज गेला आणि १९८८ मध्ये ते वारले. स्टीफन हॉकिंग यांचा तो यंत्रासारखा आवाजही क्लॅट यांच्याच कामातून आलेला. पुढे चांगले आवाज निघाले, तरी हॉकिंग यांनी तो बदलला नाही. हे वाचून मी लॅपटॉप मिटून बराच वेळ नुसती बसले.

आक्काचं काम झालं ते ‘ईस्पीक’ने. हाही मूळचा १९९५ सालचा, एकॉर्न कॉम्प्युटरसाठी केलेला. आता एनव्हीडीए या फुकट स्क्रीनरीडरबरोबरच येतो, आणि त्याला मराठी येतं, ‘ण’सकट. आवाज मात्र डब्यात बसून बोलल्यासारखा. नातू म्हणाला, हल्लीचे गोड आवाज घालूया. घातलेही. आक्काने दोन दिवसांत काढायला लावले. वेग वाढवला की गोड आवाजाचे शब्द एकमेकांत मिसळतात, याचे सुटे राहतात म्हणे. तिने वेग इतका वाढवलाय की मला एक अक्षर कळत नाही, आणि ती मान डोलावत ऐकत असते. सुनेला हाक नाही, कुणाची वाट बघणं नाही.

परवा मी हौसेने मंत्र टाइप करायला घेतला, तर तिने माझा हात धरला. “तो राहू दे. तो माझा मला येतो.”