उतरलेली पोथी

गुडघ्यांनी उभे राहू देईना, तेव्हापासून माझी कीर्तनसेवा थांबली. नातू आयर्लंडात, डब्लिनला नोकरीला आहे. रविवारी फोनवर तिकडच्या साधूंच्या गोष्टी सांगतो. त्यातली कोलंबाची गोष्ट काही मनातून जात नाही.

हा ५२१ सालचा, राजकुळात जन्मलेला. पण मठात रमला. तेव्हा छापखाना कुठला? पोथी हवी तर हाताने उतरवायची. परंपरा सांगते, त्याने आपले गुरू फिनियन यांच्या स्तोत्रांच्या पोथीची गुपचूप नक्कल केली. गुरूंनी ती मागितली, याने दिली नाही. वाद राजापुढे गेला. राजा म्हणाला, वासरू गाईच्या धन्याचे, तशी नक्कल पोथीच्या धन्याची. त्यातून ५६१ साली लढाई पेटली म्हणतात. देवाच्या स्तोत्रांवरून माणसे मेली! (आपण हसू नये. दिंडीत मानावरून काय काय होते, ते मी पाहिले आहे.)

ऐकताना मी फिनियनच्याच बाजूने होतो. कारण तीस वर्षांपूर्वी एका तरुण टाळकऱ्याने माझी दृष्टांतांची वही अशीच उतरवली होती. वाखरीच्या मुक्कामी सगळ्यांदेखत मी त्याला चोर म्हणालो. त्यातले निम्मे दृष्टांत मला माझ्या गुरूंच्या मुखातून मिळालेले, हे मात्र बोललो नाही. त्याने उतरलेली पाने माझ्यापुढे ठेवली, नमस्कार केला आणि गेला. पुन्हा आमच्या दिंडीत आला नाही.

कोलंबाने ५६३ साली देश सोडला आणि समुद्रापलीकडे आयोना नावाच्या चिमुकल्या बेटावर मठ उभारला. पुढे ६३५ साली तिथलाच एडन हा साधू इंग्लंडच्या उत्तरेस गेला आणि त्याने तिथे ख्रिस्ताचे नाव रुजवले. कोलंबा मात्र म्हातारपणीही पोथ्या उतरवीतच होता. त्याचे चरित्र त्याच मठाच्या अॅडम्ननने शंभरेक वर्षांनी लिहिले. त्यात आहे, ५९७ साली एक स्तोत्र उतरवताना पान संपले तसा तो थांबला. पुढचे बैथेनने लिहावे, म्हणाला. बैथेन त्याचा शिष्य. त्याच रात्री कोलंबाने देह ठेवला.

भांडणातली म्हणून सांगतात त्या पोथीची ५८ पाने डब्लिनच्या रॉयल आयरिश अकॅडमीत जपलेली आहेत. धनी कोण, हे आता कोण विचारतो?

माझ्या वहीची शेवटची अकरा पाने कोरी आहेत. तो आता चांगले कीर्तन करतो, असे कानावर येते. कार्तिकीला वही पिशवीत घालून पंढरीला निघणार आहे. त्याचा फड कुठे उतरतो, ते विचारून ठेवले आहे.