जनरेटर बाहेरच बरा

नाशिकच्या सिंहस्थाच्या तारखा जाहीर झाल्यापासून आमच्या गॅरेजात पेट्रोल जनरेटरची जुनी मशिनं पुन्हा येऊ लागली आहेत. ध्वजारोहण ३१ ऑक्टोबर २०२६ला, पहिलं अमृतस्नान २ ऑगस्ट २०२७ला. भारनियमनाच्या काळात हीच मशिनं मेन रोडवर दुकानादुकानापुढे धडधडायची. पेट्रोलवर चालू करायची, तापली की रॉकेलवर घ्यायची. इन्व्हर्टर आले आणि ती माळ्यावर गेली. आता तपोवनातल्या साधुग्रामाच्या मंडपांसाठी, चहाच्या टपऱ्यांसाठी ती खाली उतरताहेत, आणि ऑगस्ट म्हणजे ऐन पावसाळा. पाऊस आला की मशीन मंडपात, टपरीत आत घेतलं जातं; मला काळजी आहे ती याचीच.

मशीन आत येतं ते तीन कारणांनी: पाऊस, चोरी आणि आवाज. तिन्ही कारणं खरी आहेत, पण त्यांतलं एकही जीव घेत नाही. जीव घेतो तो धुरातला कार्बन मोनॉक्साइड. त्याला रंग नाही, वास नाही. रक्तातलं हिमोग्लोबिन ऑक्सिजनपेक्षा या वायूला दोनशेहून अधिक पटींनी घट्ट धरतं. आधी डोकं दुखतं, मळमळतं, गरगरतं. नवरात्रातला मंडळाचा कार्यकर्ता म्हणतो, उपवासाचं पित्त असेल, नाहीतर जागरण झालंय. आणि तिथंच आडवा होतो. अशा वेळी औषध शोधत बसू नये. माणसाला आधी मोकळ्या हवेत आणावं, मशीन बंद करावं आणि १०८ला फोन लावावा.

‘शटर अर्धं उघडं ठेवलंय’ हे उत्तर मला नेहमी मिळतं. डिसेंबर २०२४मध्ये केरळात वडकरा इथे रस्त्याकडेला उभ्या असलेल्या कॅराव्हॅनमध्ये दोघं मृत सापडले. तपासात निघालं की गाडीच्याच जनरेटरचा वायू आत शिरला होता. वायूला आत यायला फट पुरते. बाहेर जायला अर्धं शटर पुरत नाही. म्हणून मशीन दारं-खिडक्यांपासून किमान २० फूट लांब असावं आणि सायलेन्सरचं तोंड माणसांपासून उलट दिशेला. पावसासाठी वर पत्रा घाला, पण चारी बाजू उघड्या ठेवा, खाली विटांचा कोरडा ओटा करा. चोरीसाठी साखळी-कुलूप लावा. लांब ठेवलं की आवाजही कमी होतो.

अंतर वाढलं की वायर लांबते. तिथे डेकोरेशनची बारीक वायर चालत नाही. अडीच एमएमची तांब्याची घ्या आणि पुढच्या बोर्डात आरसीसीबी बसवा. दोन्ही टोकांना प्लग लावलेली वायर सॉकेटमध्ये खुपसून घर उजळणारे महाभाग अजून आहेत. तो करंट उलटा लाइनवर जातो आणि ट्रान्सफॉर्मरमधून पलीकडे हजारो व्होल्ट होऊन निघतो. लाइन बंद समजून खांबावर चढलेल्या वायरमनच्या जिवावर बेततं. घराला द्यायचंच असेल तर चेंजओव्हर स्विच, तोही लायसन्सवाल्या इलेक्ट्रिशियनकडून.

पेट्रोल भरताना मशीन बंद हवं आणि थंडही. पंधरा-वीस मिनिटं कळ काढावी. पेट्रोलची वाफ हवेपेक्षा तीनेक पट जड असते. ती वर जात नाही, जमिनीसरशी सरकते, आणि दिवाळीत पणत्या जमिनीवरच असतात. १९३४च्या पेट्रोलियम कायद्यानुसार स्वतःच्या वापरासाठी विनापरवाना साठा ३० लिटरपर्यंतच, आणि धातूचा घट्ट बुचाचा डबा २५ लिटरपर्यंतचा. थंड पेयाची प्लास्टिकची बाटली यात कुठेच बसत नाही.

काम झालं की मशीन ठेवण्याचीही रीत आहे. मागच्या सीझनला टाकीत पेट्रोल तसंच ठेवलेलं मशीन आलं की मी आधी कार्बोरेटरची वाटी उघडतो. आत पिवळट-तपकिरी चिकट थर, जुन्या वार्निशसारखा वास, तळाला पाण्याचा थेंब. सुईच्या अग्राएवढं जेटचं भोक बुजलेलं. पेट्रोलमध्ये आता २० टक्क्यांपर्यंत इथेनॉल येतं. ते हवेतली ओल ओढतं. म्हणून टाकी रिकामी करावी, कॉक बंद करून इंजिन आपोआप बंद पडेपर्यंत चालवावं, मगच ठेवावं. महिन्या-दोन महिन्यांनी ताजं पेट्रोल घालून थोडा वेळ लोडवर फिरवावं, अर्थात उघड्यावर. बंद पडलेलं मशीन ऐन वेळी दोरी ओढून ओढून चालू होतं, तेव्हा घाईत ते जिथे असेल तिथेच चालू राहतं, मग ती खोली का असेना.

भाड्याने मशीन देताना आता माझी एक अट आहे: सोबत लांब वायर न्यावीच लागेल. तिचं भाडं मी वेगळं घेत नाही. वायर तोकडी असली की मशीन आत येतं, हे मंडळांना आणि टपरीवाल्यांना कितीदा सांगितलं तरी पाऊस आला की विसरायला होतं. वायर हातात असली की सांगावं लागत नाही. साधुग्रामात मशिनं पुरवणाऱ्या प्रत्येकाने हीच अट घालावी, एवढं माझं मागणं आहे.