शून्याचा भागाकार

गेल्या श्रावणांत एके सायंकाळीं आम्ही ओसरीवरील झोपाळ्यावर बसलों असतां आमची नात वही घेऊन आली. ती यंदा अकरावींत आहे. "आजोबा, क्षच्या वर्गांतून ९ वजा करून बाकीस क्ष उणे ३ नें भागावयाचें आहे. क्षच्या जागीं ३ घातले कीं वरही शून्य, खालींही शून्य. मग पुस्तकांत उत्तर ६ कसें?"

आम्हीं चटकन सांगितलें, "शून्यानें भागूं नये, एवढें ध्यानांत ठेव." ती कांहीं न बोलतां उठून गेली.

सांगावयास संकोच वाटतो, परंतु हेंच उत्तर आम्हीं शाळेंत पस्तीस वर्षें दिलें होतें. एका मुलानें पुन्हां पुन्हां 'कां?' म्हणून विचारलें, तेव्हां त्यास उद्धट ठरवून बांकावर उभें केलें होतें. वस्तुतः त्या 'कां'चें उत्तर आमच्यापाशीं नव्हतें.

त्या रात्रीं झोंप येईना. कपाटांतून भास्कराचार्यांची 'लीलावती' काढली. तींत एक उदाहरण आहे: एका संख्येस शून्यानें गुणिलें, गुणाकारांत त्याचेंच अर्ध मिळविलें, बेरजेस तिहींनीं गुणिलें आणि शून्यानें भागिलें, तों ६३ आले, तर ती संख्या कोणती? उत्तर १४. पुढें क्रिया शिल्लक असेल तर शून्यानें गुणिलेल्या राशीचें लगेच शून्य करूं नये, असें आचार्य बजावतात. विद्यार्थिदशेंत आम्हीं हें मुखोद्गत केलें होतें. पण शून्य शून्यास कोणत्या अधिकारानें छेदतें, हा विचार मनास शिवला नव्हता. आतां शून्याऐवजीं दशांश धरून पाहिला. १४ चा दशांश १.४, अर्ध मिळवून २.१, तिप्पट ६.३, दशांशानें भागून ६३. शतांश धरला, सहस्रांश धरला, ६३ ढळेनात.

दुसरे दिवशीं सकाळीं नातीस हांक मारिली. "बाळ, काल आम्हीं चुकीचें सांगितलें. ३ घालूं नकोस. ३ च्या जवळ जा." तिनें २.९ घातले, ५.९ आले, २.९९ घातले, ५.९९ आले. पलीकडून ३.१ ला ६.१, ३.०१ ला ६.०१. दोहींकडून वाट ६ कडेच जात होती. एकाएकीं ती म्हणाली, "म्हणजे क्ष ३ नाहीं, म्हणून क्ष उणे ३ शून्य नाहीं, म्हणून तें वरखालून छेदतां येतें आणि क्ष अधिक ३ उरतात!" ३ या ठिकाणीं या फलनास किंमतच नाहीं, पण तेथें जाणाऱ्या वाटेस सीमा आहे, आणि ती ६ आहे.

भास्कराचार्यांनीं सीमेची व्याख्या केली, असा अभिमान आम्ही धरीत नाहीं. युरोपांतही न्यूटन व लायब्निझ यांच्या मागून, १७३४ सालीं, बर्कले या धर्माधिकाऱ्यानें विचारलें कीं, एकच राशि भागतांना शून्य नव्हे आणि शेवटीं मात्र शून्य, हें कसें? १८२१ सालीं फ्रान्सांत कोशीनें सीमेच्या कल्पनेवर या शास्त्राचा पाया घातला. पुढें जर्मनींत वायरश्ट्रासनें ती कांटेकोर केली. उत्तर ६ च्या किती जवळ हवें तें आधीं ठरवावें, व क्ष ३ च्या किती जवळ ठेविला असतां तें साधतें, हें दाखवावें. आमच्या उदाहरणांत शतांशाइतकें जवळ हवें असेल, तर क्षही ३ पासून शतांशाच्या आंत ठेवावा. तात्पर्य, जो प्रश्न आम्हीं बांकावर उभा केला, तो मोठमोठ्या पंडितांनीं पाऊणशें वर्षांहून अधिक काळ उराशीं बाळगला होता.

घरांतील वडील मंडळींस आमची एवढीच विनंती: उत्तर ठाऊक नसेल तर तसें सांगावें, नियमाआड लपूं नये.

तो मुलगा आतां पन्नाशी ओलांडून याच गांवांत राहतो. परवां देवळांत भेटला, तेव्हां त्यास हें सर्व सांगितलें. तो हंसून म्हणाला, "गुरुजी, मग आतां खालीं बसूं का?"

आम्हांस मात्र हंसूं आलें नाहीं.