पत्रिका हातानेच द्यायची!

मंडळी, 'द जर्नी' हा २०१४ सालचा मलेशियन सिनेमा मिळाला तर जरूर बघा. विलायतेत शिकलेली मुलगी गोरा नवरा ठरवून घरी येते. चिनी म्हातारा बाप अडून बसतो, लग्नाच्या पत्रिका माझ्या बालमित्रांना घरोघर जाऊन हातानेच द्यायच्या. मग तो आणि होणारा जावई मोटारसायकलवरून निघतात. याला इंग्रजी येत नाही, त्याला चिनी! मला आपल्याकडची अक्षत आठवली. पोस्टाने पत्रिका आली म्हणून रुसलेले आपल्या घराण्यातही आहेत (नावं घेत नाही, ते इथे वाचायला येतात).

बहुतांशी चिनी भाषेतला हा सिनेमा मलेशियातला तोवरचा सर्वाधिक कमाईचा देशी सिनेमा ठरला. त्याचं मोल कळायला जरा मागे जावं लागतं. १९५०च्या दशकात सिंगापुरातल्या शॉ बंधूंच्या स्टुडिओत पैसा चिनी, नट मलय आणि दिग्दर्शक बरेचदा आपल्याकडचे. फणी मजुमदारांनी १९५६ साली 'हांग तुआ' तिथेच केला. पण सिनेमे मलय भाषेत. चिनी प्रेक्षक हाँगकाँगकडे डोळे लावून असत. कूचिंगमध्ये जन्मलेला त्साई मिंग-लियांग तर तैवानला गेला आणि तिथलाच म्हणून जगभर नावाजला गेला.

'द जर्नी'चेच दिग्दर्शक च्यू केंग ग्वान यांनी पुढे 'ओला बोला' काढला. मलय, चिनी, भारतीय पोरांच्या फुटबॉल संघाची गोष्ट. आणि २०१६ साली राष्ट्रीय चित्रपट महोत्सवात त्याला कुठे घातलं, तर 'बिगर-मलय' गटात! एका मलय छायालेखकानेच निषेध म्हणून बहिष्कार घातला, बराच गदारोळ झाला, शेवटी गट बदलावा लागला.

आता खरं सांगू? मी जन्मभर मराठी शिकवलं. मराठी सिनेमाला अनुदान हवंच, यावर मी कुणाशीही भांडेन. त्यामुळे आपल्या भाषेसाठी राखीव जागा मागणारे मलय लोक मला परके वाटत नाहीत. पण त्याच मातीत जन्मलेल्याला त्याच्या घरच्या बोलीमुळे 'बिगर' म्हणायचं, हे काही पटत नाही. वर्गात कानडी, गुजराती घरांतली मुलं असायची; हजेरीपटावर वेगळा रकाना कधी आखला नाही.

परवा 'आबांग आदिक' पाहिला, २०२३चा. क्वालालंपूरच्या झोपडवस्तीतले कागदपत्रं नसलेले दोन भाऊ, त्यातला थोरला मुका-बहिरा. तो सगळं हातांच्या खुणांनी बोलतो. त्या कामासाठी तैवानच्या वू कांग-रेनला गोल्डन हॉर्स मिळालं. शेवटाकडे तो तुरुंगात हातवारे करत मनातलं सगळं ओकून टाकतो, तेव्हा खालच्या ओळी वाचायचंही मला भान राहिलं नाही.