फाळ कुठे मिळेल?

मोठ्या कंपनीत दहा-बारा वर्षं काढलेला मार्केटिंगचा माणूस स्टार्टअपमध्ये रुजू झाला की पहिल्याच आठवड्यात बहुधा लोगोला हात घालतो. मग रंग, टॅगलाइन, एजन्सी, कॅम्पेन. तो आयुष्यभर जे मन लावून शिकला तेच करत असतो. पण साबणाच्या किंवा बिस्किटाच्या जुन्या ब्रँडवर काम करताना त्याला एक गोष्ट आयती मिळालेली असते: लोकांची आठवण. माल ठरलेला, दुकानं ठरलेली, नाव घराघरांत. ती आठवण पुसट होऊ द्यायची नाही, एवढं काम त्याच्याकडे सोपवलेलं. स्टार्टअपच्या वाट्याला आठवण नसते, गिऱ्हाइकाची शंका असते. माझं म्हणणं असं, की नव्या कंपनीचा ब्रँड या शंकेच्या उत्तरातून उभा राहतो, आणि ते उत्तर जाहिरातीत नाही, कारखान्यात तयार होतं. म्हणून मार्केटिंगवाल्याची खुर्ची कारखान्याजवळ हवी.

आपल्याकडचं याचं सर्वांत बोलकं उदाहरण शतकभराहून जुनं आहे. लक्ष्मणराव किर्लोस्करांनी 1903च्या सुमारास बेळगावात लोखंडी नांगर तयार केला. लाकडी नांगर जमीन उकरतो. लोखंडी नांगर माती पालथी करतो, खालचं तण मुळासकट वर आणतो. एवढा गुण असूनही पहिले नांगर खपायला फार दिवस लागले. लोखंडानं जमिनीत विष भिनतं, अशी शेतकऱ्यांची समजूत होती. ही हकिकत सांगणारे त्या समजुतीला हसून पुढे जातात. मला मात्र तिथेच थांबावंसं वाटतं. कोरडवाहू शेतकऱ्याच्या हातात जमीन तेवढीच. प्रयोग फसला तर अख्खं वर्ष गेलं. लाकडी नांगर मोडला तर गावचा सुतार बलुत्यावर दुरुस्त करून देणार. पण ओतीव लोखंडाचा फाळ झिजला, तर तसाच दुसरा ओतणं गावच्या लोहाराच्या भात्यावर होण्यासारखं नाही. ऐन नांगरटीत फाळ गेला तर नवा कुठे मिळेल? विषाच्या बोलण्याखाली हा रोकडा प्रश्न असणार, असं मी धरून चालतो. त्याला रंगीत चित्र हे उत्तर नव्हे. नांगर शेतात चालवून दाखवावा लागतो, सुटे फाळ वेळेवर मिळावे लागतात, आणि आज घेतलेला फाळ गेल्या वर्षीच्या नांगराला नीट बसावा लागतो. ‘किर्लोस्कर’ हे नाव विश्वासाचं झालं ते आधी अशा बसणाऱ्या लोखंडामुळे.

पुढे 1910मध्ये औंध संस्थानात किर्लोस्करवाडी वसली आणि 1920मध्ये शंकरराव किर्लोस्करांनी ‘किर्लोस्कर खबर’ सुरू केली. शंकरराव चित्रकार होते, लेखणी चांगली होती. कारखान्याची ही खबर वाढत वाढत ‘किर्लोस्कर’ मासिक झाली, मागोमाग ‘स्त्री’ आणि ‘मनोहर’ आली. मराठीत एवढ्या ताकदीचं ब्रँडचं काम दुसरं झालेलं मला माहीत नाही. पण क्रम पाहा: नांगर आणि खबर यांच्यात सतरा वर्षं आहेत. सांगण्यासारखं काही जमल्यावर सांगणारा माणूस कामी आला.

यावर जाणकार हरकत घेतील. मार्केटिंगचे अभ्यासक बायरन शार्प यांनी 2010च्या पुस्तकात मांडलेला विचार आता आमच्या धंद्यात सर्वमान्य होत आला आहे: ब्रँड वाढतो तो अधूनमधून घेणाऱ्या असंख्य गिऱ्हाइकांमुळे, म्हणून सगळीकडे दिसत राहा, सहज आठवत राहा. हे मला मान्य आहे. पण आठवण करून द्यायला आधी अनुभव लागतो. करसनभाई पटेल 1969मध्ये अहमदाबादेत सायकलवरून दारोदार कपडे धुण्याची पावडर विकत होते, 3 रुपयांच्या आसपास किलो. नामांकित पावडरीचा भाव त्याच्या कितीतरी पट. ‘एवढ्या स्वस्तात कपडे निघतात का?’ ही शंका घरोघरच्या बादलीत फिटली. त्या पावडरीच्या जाहिरातीतली पांढऱ्या फ्रॉकमधली मुलगी टीव्हीवर आली ती बऱ्याच वर्षांनी. तिची जाहिरात अवघ्या देशाच्या तोंडी बसली, कारण पावडर तोवर हातांना ठाऊक झाली होती.

दुसरी हरकत जास्त खरी आहे. गुंतवणूकदाराला दर महिन्याला आकडा दाखवायचा असतो. सतरा वर्षं कोण थांबेल? थांबू नकाच. पण आकड्यासाठी सवलतीनं आणलेलं गिऱ्हाईक सवलत संपताच उठून जातं, आणि मग तेच गिऱ्हाईक पुन्हा विकत आणावं लागतं. शंका फेडायला मात्र सतरा वर्षं लागतातच असं नाही. प्रवाशांना लोकांची घरं भाड्यानं मिळवून देणाऱ्या एअरबीएनबीच्या संस्थापकांनी 2009मध्ये न्यूयॉर्कमधली घरं भाड्यानं का जात नाहीत हे शोधलं, तेव्हा फोटो अंधारे आणि ओबडधोबड निघाले. परक्याच्या घरात झोपायला जाणाऱ्याला आधी ती खोली नीट दिसायला हवी. त्यांनी कॅमेरा भाड्यानं घेतला आणि दारोदार जाऊन फोटो काढले. कमाई लगेच वाढली. 2020मध्ये कंपनी शेअर बाजारात उतरली, तेव्हा तिच्याकडे येणाऱ्यांपैकी सुमारे 91 टक्के लोक जाहिरातीवर क्लिक न करता येत होते. मधल्या काळात तिनं जाहिरातीवर भरपूर पैसा ओतला होता, तेव्हा हे श्रेय एकट्या फोटोंचं नाही. पण सुरुवात कुठून झाली ते स्पष्ट आहे.

राहिला संस्थापक. ‘माझं गिऱ्हाईक मला कळतं’ असं तो म्हणतो आणि पुष्कळदा ते खरंही असतं. मात्र त्याचा आपल्या मालावर जीव जडलेला असतो, त्यामुळे शंका त्याला अडाणीपणा वाटते. ती शंका गिऱ्हाइकाच्याच शब्दांत आत पोचवणं, ही आपली खरी नोकरी. म्हणून पगार आणि शेअर ठरवण्याआधी एक गोष्ट विचारून घ्यावी: मालात बदल सुचवला तर ऐकला जाईल का? उत्तर ‘नाही’ असेल तर त्या जागेवर गुणी माणूस वाया जातो.

समजा, कोल्हापुरी चपला ऑनलाइन विकणारी नवी कंपनी आहे. तिची पहिली जाहिरात वारशाची होते, कारागिराच्या हातांचा जवळून घेतलेला फोटो वगैरे. घेणाऱ्याच्या मनात मात्र एवढंच असतं: अंगठ्याला चावेल का, आणि माझ्या रुंद पायाला बसेल का? परत आलेली खोकी उघडून बसलं की हे पंधरा मिनिटांत कळतं. अंगठ्याचा पट्टा आतून मऊ चामड्याचा करायचा, पाय कागदावर ठेवून पेन्सिलीनं फिरवलेली रेघ गिऱ्हाइकाकडून मागवायची, आणि पहिले चार दिवस तेल कुठे लावायचं ते झाकणाच्या आतल्या बाजूला छापायचं.